कुत्र्याला ताकद दे, अक्कल द्यायची घाई करू नकोस

तुझ्या कॉमिकची बारा पानं दोनदा वाचली. प्रश्न तू लांबलचक लिहिलास, पण मुद्दे तीनच आहेत. तुझा नायक सदाशिव पेठेत रात्री जेवण पोचवणारा पोरगा, आणि त्याच्या स्कूटरच्या फूटबोर्डवर उभा राहणारा एक गावठी कुत्रा. या कुत्र्याला शक्ती द्यावी का? त्याने बोलावं का? आणि उद्या कुणाला यावर फिल्म करावीशी वाटली, तर हा कुत्रा आडवा येईल का? वर तुझ्या सरांचा शेरा, की कुत्रा आला म्हणजे गोष्ट पोरासोरांची झाली.

शक्ती दे. बोलायला लावू नकोस. फिल्मची अडचण आहे, पण तुला वाटते तिथे नाही. घाईत असशील तर इथे थांबलास तरी चालेल. पुढचं सगळं या तीन वाक्यांची कारणं आहेत.

माझं सांगायचं तर पंचवीस वर्षं अ‍ॅनिमेशनमध्ये गेली. सुरुवात स्टोरीबोर्डपासून केली, मग एकदा चार पायांच्या प्राण्यांचं काम गळ्यात पडलं ते आजवर उतरलेलं नाही. त्याआधीची ओळख मात्र कागदावरची. आम्ही कोथरूडला राहायचो, घरामागे वेताळ टेकडी, आणि रद्दीच्या दुकानातून आठ-आठ आण्याला आणलेली इंद्रजाल कॉमिक्स. ली फॉकने १९३६ साली अमेरिकी वर्तमानपत्रांत सुरू केलेला फँटम इंद्रजालमध्ये 'वेताळ' होऊन आला होता. आठ वर्षांच्या पोराने यातून जो अर्थ काढायचा तो काढला. खाणीच्या बाजूने संध्याकाळी भुंकणं ऐकू आलं की तो वेताळाचा सोबती डेव्हिल, यात मला काडीचीही शंका नसायची. डेव्हिल कुत्रा नाही, लांडगा आहे. गोष्टीतलं कुणी ना कुणी त्याला कुत्रा म्हणायचं आणि वेताळ शांतपणे दुरुस्त करायचा.

आता बघ, वेताळाच्या अंगात अमानवी असं काही नाही. डेव्हिलच्याही नाही. पण उंबऱ्यात डेव्हिल बसलेला दाखवला की आत कोण आहे हे काढायची गरज उरायची नाही. एका पॅनलमध्ये, म्हणजे एका चौकटीत, काम झालं. खंडोबाचा टाक कधी नीट पाहिलायस का? घोडा, वर देव आणि म्हाळसा, हातात तलवार, आणि खाली कुत्रा. दोन-तीन इंचांच्या पत्र्यात कारागिराने गर्दी केलीय, तरी कुत्र्याला जागा काढलीय. जेजुरीला जाणाऱ्या माणसाला देवासोबत कुत्रा का, असा प्रश्न पडत नाही. दत्ताच्या तसबिरीत चार कुत्रे आहेत, तिथेही पडत नाही. त्यामुळे 'सुपरहिरोला कुत्रा म्हणजे बालिशपणा' हे म्हणणं आपल्याकडचं नाही, ते अमेरिकेतून आलंय. तिथे त्याला कारण होतं.

ते कारण १९५५ च्या आसपासचं. १९५४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात अमेरिकी टीव्हीवर लॅसी आणि रिन टिन टिन या दोन कुत्र्यांच्या मालिका पाठोपाठ सुरू झाल्या. त्याच ऑक्टोबरात कॉमिक्स उद्योगाने स्वतःवर 'कॉमिक्स कोड' लादून घेतला, कारण कॉमिक्स मुलांना बिघडवतात अशी ओरड शिगेला पोचली होती. रक्त नको, भुतं नकोत, घरगुती काहीतरी द्या. मार्च १९५५ च्या 'अ‍ॅडव्हेंचर कॉमिक्स'च्या २१० व्या अंकात सुपरमॅनचा कुत्रा क्रिप्टो अवतरला, ओटो बाइंडरच्या लेखणीतून आणि कर्ट स्वॉनच्या कुंचल्यातून. काही महिन्यांतच 'बॅटमन'च्या ९२ व्या अंकात बॅटमनचा कुत्रा एस आला. लॅसीमुळेच क्रिप्टो आला, असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण वारा कुठून वाहत होता ते दिसतं.

क्रिप्टोची जन्मकथा आजही मला आवडते. सुपरमॅनचा बाप जोर-एल मुलाला रॉकेटमध्ये घालण्याआधी चाचणीला म्हणून घरचा कुत्रा पाठवतो. तो भरकटतो आणि पुष्कळ वर्षांनी पृथ्वीवर, पोरगेल्या सुपरमॅनकडे, म्हणजे सुपरबॉयकडे पोचतो. म्हणजे ग्रहासकट घर नष्ट झालेल्या पोराला त्या घरातला एक जीव परत मिळतो. दोन वर्षांनी, ३ नोव्हेंबर १९५७ ला, रशियाने खरीखुरी लायका स्पुटनिक-२ मधून वर पाठवली. ती परत आली नाही. हे माहीत असताना क्रिप्टोची ती पानं वाचली की पोटात कालवतं. कॉमिक्सवाल्यांना ते आधी कुठून ठाऊक असणार!

पण मग त्यांनी माती केली. क्रिप्टोच्या डोक्यावर विचारांचे फुगे आले आणि त्यात तो अस्खलित इंग्रजीत विचार करू लागला. मागोमाग बेप्पो नावाचं माकड, स्ट्रीकी नावाची मांजर, कॉमेट नावाचा घोडा. १९६२ मध्ये या सगळ्यांची मिळून एक संघटनाच निघाली. एखाद्या हौसिंग सोसायटीची कार्यकारिणी असावी तशी. तुझे सर ज्याला पोरांचं म्हणतात ते हे. इथे मी सरांच्या बाजूने आहे. मात्र त्यांनी दोष कुत्र्यावर ढकलला, तो मी फुग्यावर ढकलतो.

कॉमेटचंच उदाहरण घे. हा घोडा मुळात घोडा नाहीच, प्राचीन ग्रीसमधला सेंटॉर. जादूगारणीच्या चुकीने पुरता घोडा झालेला, आणि आकाशात धूमकेतू आला की माणूस होणारा. माणूस झाल्यावर सुपरगर्ल त्याच्या प्रेमात पडते. तीच सुपरगर्ल एरवी त्याच्या पाठीवर बसते, मान थोपटते आणि मनातलं सांगते. यात गोड काय आहे ते मला अजून कळलेलं नाही. मार्व्हल या दुसऱ्या कॉमिक्स कंपनीत असंच झालं. लॉकजॉ म्हणजे 'इनह्यूमन्स' या अद्भुत जमातीच्या राजघराण्याचा घोड्याएवढा बुलडॉग, एका जागेवरून दुसऱ्या जागी क्षणात नेणारा. १९६५ चा, स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांचा. १९८३ मध्ये जॉन बर्नने 'द थिंग'च्या तिसऱ्या अंकात त्याला अचानक बोलतं केलं आणि सुचवलं की तो कुत्रा नाही, त्याच राजघराण्याच्या जमातीतला एक बदललेला माणूस आहे. त्या पानापुरता धक्का जबरदस्त होता. पण पुस्तक मिटल्यावर काय? म्हणजे इतकी वर्षं ही राजघराण्यातली मंडळी आपल्याच माणसाला 'बस', 'ऊठ' करत होती? १९९१ मध्ये पीटर डेव्हिडने तो सगळा प्रकार थट्टा होती असं लिहून लॉकजॉला पुन्हा कुत्रा केलं. घाईघाईने घातलेलं ठिगळ होतं, पण घालणं भागच होतं.

म्हणून मी म्हणतो, प्राण्याच्या आत माणूस बसवलास की आधीची प्रत्येक कुरवाळणी संशयास्पद होते. (आता तू म्हणशील, धर्मराजाच्या मागे स्वर्गाच्या दारापर्यंत गेलेला कुत्रा शेवटी साक्षात धर्मच निघाला की. बरोबर आहे. पण व्यासांनी ते अगदी शेवटच्या क्षणी उघड केलं, आणि तोपर्यंत तो कुत्रा चकार शब्द बोलत नाही. नुसता चालतो.)

१९८६ मध्ये सुपरमॅनची जुनी गाथा गुंडाळून नवी मांडायचं ठरलं, तेव्हा निरोपाची गोष्ट अ‍ॅलन मूरला लिहायला दिली. चित्रं पुन्हा कर्ट स्वॉनचीच. म्हणजे ज्या हाताने क्रिप्टो जन्माला घातला, त्याच हाताला त्याचं मरण काढावं लागलं. क्रिप्टोनाइट मॅन समोर आहे. त्याच्याजवळ जाणं म्हणजे विष अंगावर घेणं, आणि कुत्रा त्याच्या नरड्याला जाऊन भिडतो. त्यात फुगा नाही, भाषण नाही. कुत्रा जे करतो ते त्याने केलं. ती पानं सरांना दाखव आणि मग पोरांचं आहे का ते विचार. त्यानंतरच्या नव्या गाथेत, 'आता आपण गंभीर' या आवेशात, क्रिप्टोला वगळलं गेलं. पुढे त्याला परत आणावंच लागलं.

अक्कल न देता कुत्र्याच्या डोक्यात शिरता येतं का? येतं, पण त्याला कष्ट पडतात. मॅट फ्रॅक्शन आणि डेव्हिड आहा यांच्या 'हॉकआय' मालिकेचा २०१३ मधला ११ वा अंक मिळेल तिथून मिळवून वाच. एका डोळ्याने अधू असलेला, पिझ्झा खाऊन जगणारा लकी नावाचा कुत्रा, आणि अख्खा अंक त्याच्या बाजूने. इमारतीत खून झालाय. माणसं बोलतायत, पण फुग्यात नुसत्या रेघोट्या. मधूनच एखादा शब्द वाचता येतो, कारण तेवढाच शब्द कुत्र्याला माहीत आहे. बाकी सगळा वासांचा नकाशा: या माणसाच्या अंगाला कॉफी, त्याच्या बुटाला अमुक, ही खूण म्हणजे तो कालचा मनुष्य. चित्रलिपीसारख्या लहान खुणांनी जोडलेलं पान. वाचकाला खुनाबद्दल कुत्र्यापेक्षा जास्त कळतं आणि वासांबद्दल कमी. या अंकाला २०१४ मध्ये सर्वोत्तम एकल अंकाचं आयस्नर, म्हणजे कॉमिक्समधलं मानाचं पारितोषिक मिळालं. सुपरहिरोंच्या मालिकेत, जिथे दर अंकाला जग बुडतं, तिथे एका भटक्या कुत्र्याच्या नाकाला!

आणि बोलायला लावायचंच असेल, तर किती? ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटली यांचं 'वी-थ्री', २००४, तीनच अंक. हे सुपरहिरो नाहीत. सैन्याने चिलखतात घातलेले कुत्रा, मांजर आणि ससा आहेत, आणि यंत्रामुळे त्यांना तुटक शब्द फुटतात. त्यातला कुत्रा दुसरं काही मागत नाही, आपण चांगला कुत्रा आहोत ना एवढंच विचारत राहतो. बोलला, तरी कुत्र्यासारखंच बोलला.

आता पडदा. कागदावर विचारांचा फुगा फुकट असतो, पडद्यावर तो नसतो. त्यामुळे पडद्यावर आणणाऱ्यांपुढे दोन-तीनच वाटा उरतात. सर्वांत सोपी म्हणजे तोंड हलवून बोलायला लावणं. २००५-०६ मधली क्रिप्टोची कार्टून मालिका घे किंवा २०२२ चा 'लीग ऑफ सुपर-पेट्स' घे, ज्यात ड्वेन जॉन्सनचा आवाज क्रिप्टोला आणि केव्हिन हार्टचा एसला. लहानांसाठी ठीक आहे, मला त्याबद्दल फार बोलायचं नाही. दुसरी वाट, प्राणी काढून यंत्र बसवायचं. मार्व्हलच्या फाल्कन या नायकाचा रेडविंग १९६९ पासून कॉमिक्समध्ये खराखुरा बहिरी ससाणा आहे, मालकाशी मनाने जोडलेला. २०१६ च्या 'सिव्हिल वॉर'पासून पडद्यावर तो ड्रोन झाला. सोय कळते. ससाणा मनुष्याच्या वेळेवर उडत नाही. पण २०२१ च्या मालिकेत तो ड्रोन मोडून टाकतात तेव्हा प्रेक्षकातल्या कुणाच्या घशाशी आवंढा आला नाही, मी खात्रीने सांगतो. याउलट टॉम किंग आणि बिल्किस एव्हली यांच्या २०२१-२२ च्या सुपरगर्लच्या गोष्टीत क्रिप्टोला विषारी बाण लागतो आणि तेवढ्यावर आठ अंकांची गाडी चालते.

तिसरी वाट अवघड, आणि मला पसंत असलेली: प्राण्याला प्राणीच ठेवायचं आणि त्याच्या प्राणीपणातूनच गोष्ट पुढे न्यायची. २०२५ च्या 'सुपरमॅन'मधला क्रिप्टो तसा आहे. दिग्दर्शक जेम्स गनने कुठल्याशा वाईट अवस्थेतून सुटलेला ओझू नावाचा कुत्रा घरी आणला होता. त्याने घरभर धुमाकूळ घातला, बूट खाल्ले, लॅपटॉपही सोडला नाही. याच्यात सुपरमॅनची ताकद असती तर काय झालं असतं, या विचारातून तो क्रिप्टो निघाला, आणि पडद्यावरचा संगणकी कुत्रा ओझूवरूनच घडवला, फक्त पांढरा करून. पहिल्याच प्रसंगात नायक बर्फात मोडून पडलाय, शीळ घालतो, कुत्रा येतो, आणि मदतीऐवजी आधी त्याच्या अंगावर नाचतो. थिएटरात लोक हसले. मी हसलो नाही, मी आमचा मोत्या आठवत होतो. माझा पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हा त्याने नेमकं हेच केलं होतं.

मांजरीची बाब थोडक्यात. २०१९ च्या 'कॅप्टन मार्व्हल'मधली गूस ही कॉमिक्समध्ये च्यूई. दिसायला मांजर, प्रत्यक्षात तोंडातून सोंडा काढून माणसं गिळणारी परग्रहवासी. तिच्यासाठी चार मांजरं वापरली होती, कारण मांजर एका वेळी एकच गोष्ट मनावर घेते. आणि नायिका ब्री लार्सनला मांजरांची अ‍ॅलर्जी, त्यामुळे काही ठिकाणी खोटी मांजर. पण गंमत कशात आहे? डोळ्यावर पट्टी बांधणाऱ्या निक फ्युरीचा डोळा कुठल्या महायुद्धात गेला असेल असं लोक वर्षानुवर्षं समजत होते, आणि तो गेला मांजरीच्या एका ओरखड्याने. शक्ती बाजूला राहिली, काम मांजरपणाने केलं.

माझी आवडती मात्र मार्व्हलचीच कुत्री कॉस्मो. ही उघड उघड लायकाची आठवण. कॉमिक्समध्ये नर, पडद्यावर मादी, आवाज मारिया बाकालोव्हाचा. मनाच्या जोरावर अवजड वस्तू उचलते, गळ्यातल्या यंत्रातून बोलतेही. म्हणजे माझा नियम मोडतेय. तरी २०२३ च्या 'गार्डियन्स'मध्ये ती बसते, कारण तिला कुणीतरी रागाच्या भरात वाईट कुत्री म्हटलेलं असतं आणि सगळा चित्रपटभर, बाकीचे जीव वाचवत असताना, तिला तेवढंच लागून राहिलेलं असतं. इतकी प्रचंड ताकद, आणि सगळं मन एका शाबासकीवर अडकलेलं. कुत्रं पाळलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही.

आपल्याकडचं फार लांबवत नाही. चाचा चौधरींचा कुत्रा रॉकेट, सर्कशीत वाढल्यामुळे पशुपक्ष्यांशी बोलू शकणारा सुपर कमांडो ध्रुव, आणि तुझ्या सर्वांत जवळचा डोगा. मुंबईतला, कचऱ्यात सापडलेला, कुत्र्याचा मुखवटा घालणारा, गल्लीतली कुत्री ज्याच्या हाकेला येतात असा. डोगाची कुत्री फौज म्हणून येतात, नावागावाची फारशी नाहीत. तुझा मोकळा रस्ता तिथेच आहे: एकच कुत्रा, आणि तो ओळखू येणारा.

ओळखू येणारा कसा करायचा? क्रिप्टोला केप आहे, ती तू उचललीस. काढून टाक. माणसाच्या पाठीवर केप मागे लोंबते आणि चाल मोकळी राहते. चार पायांवर ती दोन्ही कुशींवर उतरते आणि खांदे-बरगड्यांची सगळी हालचाल झाकते. नेमकी तीच तर दाखवायची असते! १९५५ च्या एसला मुखवटा होता. लोक आजही हसतात, पण त्याचं कारण चोख होतं. त्याच्या कपाळावर ताऱ्याची खूण, आणि असा कुत्रा ब्रूस वेनकडे (मुखवट्याआडच्या बॅटमनचं खरं नाव) आहे हे लोकांना ठाऊक. तीच खूण बॅटमनच्या कुत्र्यावर दिसली की बिंग फुटलं. क्रिप्टोही साध्या वेषात पाठीवर तपकिरी डाग रंगवून 'स्किप' व्हायचा. सुपरमॅनच्या चष्म्यापेक्षा ही दोन्ही वेषांतरं मला जास्त पटतात.

तुझ्या कुत्र्याला खूण मुद्दाम शोधायची गरज नाही. पुण्यात नसबंदी झालेल्या भटक्या कुत्र्याच्या कानाला खाच पाडलेली असते. काळ्या सावलीतही तो तुटका कान ओळखू येईल, आणि इथल्या वाचकाला त्याचा अर्थही कळेल: याला एकदा पकडून नेला होता आणि परत त्याच गल्लीत आणून सोडला. याहून चांगली जन्मकथा तुला शोधूनही मिळायची नाही. शक्ती तिथेच आली असं दाखव की.

उडण्याचं आता. पाचव्या पानावर तुझा कुत्रा एक पंजा पुढे करून सुपरमॅनसारखा उडतोय. चुकतंय. कुत्र्याला आपल्यासारखं गळपट्टीचं हाड नसतं. पुढचा पाय धडाला स्नायूंनीच लटकलेला असतो. तो पुढे-मागे हवा तेवढा जातो, बाजूला पसरत नाही. मागच्या पायात जो तुला उलटा गुडघा दिसतो ती टाच आहे, गुडघा वर पोटाजवळ लपलाय. हे दोन मुद्दे चुकले की वाचकाला कारण कळत नाही, पण चित्र खोटं वाटतं. मग उडताना पाय कसे? चौखूर धावणारा प्राणी आठव. जुने चित्रकार घोडा चारही पाय ताणून हवेत काढायचे. १८७८ मध्ये मायब्रिजने ओळीने कॅमेरे लावून फोटो काढले, तेव्हा दिसलं की चारही खूर सुटतात खरे, पण पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. कुत्रा तर वेगात दोनदा सुटतो, एकदा पाय गोळा करून आणि एकदा ताणून. तो ताणलेला क्षण धर आणि लांबव, झालं उड्डाण. कान आणि डोळ्यांसाठी कर्वे रोडला संध्याकाळी अर्धा तास उभा राहा; स्कूटरवर पुढे उभं राहून वारा खाणारं एखादं तरी जाईलच. कान मागे, डोळे बारीक, आणि चेहऱ्यावर मालकापेक्षा जास्त रुबाब.

आणि त्याला हसवू नकोस. आम्ही एका जाहिरातीसाठी उडणारा कुत्रा केला होता. क्लायंटचा हट्ट, की शेवटी तो हसला पाहिजे, दात दाखवून. महिनाभर ओठांच्या रिगवर, म्हणजे ते हलवणाऱ्या संगणकी सांगाड्यावर, घासलो. दाखवायच्या दिवशी त्यांची लहान मुलगी सोबत आली होती. कुत्रा हसला आणि ती आईच्या पदरामागे गेली. शॉट उडाला. पैसे निम्मेच मिळाले. कुत्रा दात दाखवतो तेव्हा तो हसत नसतो, हे चार वर्षांच्या मुलीला कळत होतं.

आता फिल्म. तुला वाटतं उडणं महाग पडेल. उडणं त्यातल्या त्यात स्वस्त. आकाश रिकामं असतं, कुणी शिवत नाही. महाग असतं ते नायकाने कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवणं. खऱ्या माणसाची बोटं आणि संगणकातले केस: प्रत्येक केस दबला पाहिजे, परत उठला पाहिजे, सावली पडली पाहिजे. सेटवर नटाच्या हाताखाली कापडाचं बोचकं असतं, आणि पुढे कुणीतरी आठवडेच्या आठवडे त्या बोचक्याचा कुत्रा करत बसतो. २०१७ च्या 'इनह्यूमन्स' मालिकेत लॉकजॉ पुरता संगणकी होता, आणि बघताना मला सारखं वाटत राहिलं की गोष्ट त्याला पडद्याबाहेर ठेवायचे बहाणे शोधतेय. टीव्हीचं बजेट, दुसरं काय. तुझ्या गोष्टीत तर कुत्रा पानोपानी नायकाच्या पायाशी आहे. म्हणून जेव्हा केव्हा वेळ येईल तेव्हा खरा कुत्रा घ्यायचा आणि संगणक फक्त उड्डाणापुरता वापरायचा. २०२१ च्या 'हॉकआय' मालिकेत लकी असाच खऱ्या गोल्डन रिट्रीव्हरने केला. आपल्याकडे त्यासाठी प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते. कागदपत्रांचा ताप आहे, पण होतं. गावठी कुत्रा शिकत नाही असं कुणी सांगितलं तर हसून सोडून दे. रस्ता ओलांडायला त्याला कुणी शिकवलं?

पण हे सगळं पुढचं. आज कागदावर काम कर. तुझ्या सहाव्या पानावर नायक ओंकारेश्वराच्या पुलाखाली जखमी पडलाय आणि कुत्र्याच्या डोक्यावर फुगा आहे: 'मला त्याला वाचवलंच पाहिजे.' तो फुगा खोड. पाच किलोमीटरवरची कुजबुज ऐकण्याची शक्ती तू त्याला दिली आहेस ना? मग त्याला सगळं शहर ऐकू दे: ॲम्ब्युलन्स, पेठेतलं भांडण, नदीपलीकडची घोषणा, आणि या सगळ्यात नायकाच्या खिशातल्या पार्ल्याच्या पुड्याचा चुरचुर आवाज. तो त्या आवाजाकडे धावत येतो. आधी बिस्किटं खातो. मग रक्ताचा वास लागतो आणि तो भुंकायला लागतो, इतका, की शनिवार पेठेत लोकांचे दिवे लागतात.

आणि नववं पान, जिथे नायक घरी जिना चढतोय आणि कुत्रा खालीच थांबलाय कारण सोसायटीत कुत्र्यांना मनाई आहे, ते अजिबात बदलू नकोस. नुसती त्याच्या कानाला ती खाच तेवढी काढ.